बाबांच्या फोनमधलं गाऱ्हाणं

आमचे बाबा ब्लूटूथला चिकटवणं म्हणायचे. कुणाच्या फोनवर एखादं भजन ऐकलं, आवडलं, की लगेच, ‘ह्यां माका चिकटव रे.’ आणि मग खरंच दोन्ही फोन पाठीला पाठ लावून चिकटवायचे आणि वर स्वतःचा तळवा ठेवायचे. मी कितीदा सांगितलं, बाबा, एक फोन ह्या खोलीत आणि एक त्या खोलीत असला तरी जातं, चिकटवायची काही गरज नाही. ते हो हो म्हणायचे आणि पुन्हा तळवा ठेवायचे.

ते दादाकडे राहायचे, डोंबिवली पश्चिमेला कोपरला. मी ठाण्याला कोपरीत. बापलेकीची गावं अशी एका अक्षराच्या अंतरावर, आणि आमच्याकडे यायला निघालेला पाहुणा एकदा तरी चुकीच्या ठिकाणी उतरलेला आहेच. कोपर स्टेशनला दोन मजले आहेत. खालून नेहमीच्या गाड्या जातात, वरून दिवा-वसईची लाइन. वरच्या फलाटावर गाडी येते कधीतरी, त्यामुळे बाकडी रिकामी असतात आणि खाडीकडून वारा येतो. बाबा आणि त्यांच्यासारखे चार-पाच रिटायर म्हातारे रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे. कुठेही जायचं नसताना बाबा पास काढायचे. रेल्वेच्या बाकड्यावर फुकट बसणं त्यांना बरं वाटायचं नाही.

सगळ्यांकडे बटनांचे फोन. भजनं, अभंग, दशावतारातली पदं, कुणाच्या तरी नातीने म्हटलेलं शुभंकरोती, सगळं ह्याच्याकडून त्याच्याकडे जायचं ते ब्लूटूथने. नेट कुणीच घेतलेलं नव्हतं. बाबांना तर नेटचा रागच होता. माणूस समोर नसताना वस्तू येऊन पडते, ह्यात त्यांना काहीतरी चोरटं वाटायचं. आणि त्या बाकड्यावर एक नियम होता: चिकटवताना बोलायचं नाही. एकदा म्हणे चिकटवता चिकटवता एकाला फोन आला, तो बोलायला लागला आणि भजन अर्ध्यातच तुटलं. झालं. तेव्हापासून ह्या शहाण्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की बोललं की तुटतं. एरवी एकमेकांना बोलू न देणारे म्हातारे, पण फोन चिकटवले की सगळे मूग गिळून बसायचे. मी एकदा तिथे गेलेली तेव्हा हसायला लागले, तर बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. ‘गप रव, तुटतलां.’

आता गाऱ्हाण्याचं सांगते, कारण सगळं त्यावरून झालं. आमचं मूळ गाव तळकोकणात. तिथलं घर बंद झालं तेव्हा बाबांनी गणपती डोंबिवलीला आणला आणि गणपतीबरोबर गाऱ्हाणंही आणलं. आरती झाली की घरातला वडील पुरुष देवासमोर उभा राहतो, देवाकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून, आणि देवाला घरातलं सगळं सांगतो. कोण आजारी आहे, कुणाचं लग्न जमत नाही, कुणाच्या हातून काय चुकलं, ते पोटात घाल, आणि लेकराबाळांवर नजर ठेव. एकेक वाक्य झालं की तो थांबतो, आणि मागे उभे असलेले सगळे म्हणतात, ‘व्हय म्हाराजा.’ बाबांचं गाऱ्हाणं लांबलचक असायचं. गावातल्या देवांची नावं, वेशीवरचा, तळीवरचा, वडाखालचा, मग गेलेल्या माणसांची नावं, मग आमच्या एकेकाच्या भानगडी. सगळं मालवणीतून आणि तोंडपाठ.

दादाला ते येत नव्हतं. दादा डोंबिवलीत वाढलेला, त्याची मालवणी मासळीबाजारापुरती. मी बाबांना म्हणायची, लिहून द्या की, उद्या त्याला लागेल. त्यांचं उत्तर ठरलेलं. ‘लिवलेलां गाऱ्हाणां देवाक पोचत नाय.’ समोर उभं राहून तोंडाने सांगावं लागतं, एवढंच त्यांचं म्हणणं. हट्टी माणूस. माझा राग नाकावर असतो असं सगळे म्हणतात, पण तो आला कुठून हे कुणी विचारत नाही.

मग त्यांचा आवाज बसला. आधी आम्हाला वाटलं, सर्दी. मग वाटलं, बाकड्यावरच्या वाऱ्यामुळे. वहिनीने ज्येष्ठमध दिलं, मी काढे करून डबे भरून नेले, आणि आवाज काही उठेना. शेवटी तपासण्या झाल्या आणि गळ्यात जे निघू नये तेच निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करायचं, स्वरयंत्र काढावं लागेल, आणि लवकरात लवकर करा. श्रावण चालू होता. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाले की गणपती होऊ दे. एक गाऱ्हाणं घालतो, मग काय कापायचं ते कापा.

मला वाटलं दादा त्यांना समजावेल. दादा हो म्हणाला! मी त्या दिवशी कोपरला जाऊन असा तोंडाचा पट्टा सोडला की आम्ही चाळीत राहत असतो तर चाळ गोळा झाली असती. लवकरात लवकर म्हणजे मोदक खाऊन झाल्यावर नव्हे, म्हटलं. देवाला काय, तो पुढच्या वर्षी पण येणार आहे. दादा खाली मान घालून बसला. त्याचं लहानपणापासून असंच आहे, मी बोलते आणि तो बसतो. शेवटी एवढंच म्हणाला की अगं, त्यांचा आवाज आहे, शेवटचा कुणाला द्यायचा ते त्यांनी ठरवायचं. मला ते तेव्हा पटलं नाही.

गणपती आला. आरती झाली, झांजा खाली ठेवल्या, आणि बाबा पुढे होऊन उभे राहिले. पाठीमागून सदरा केवढा ढगळ दिसत होता! मी दादाला कोपर मारलं, म्हटलं रेकॉर्ड कर, उभा काय राहिलायस. माझ्या फोनची मेमरी भरलेली, दादाचा फोन आत चार्जिंगला. शेल्फवर बाबांचाच फोन होता. दादाने तो घेतला, रेकॉर्डिंगचं बटन दाबलं आणि हाताच्या तळव्यावर धरून उभा राहिला, आमच्यातच, मागे. बाबांनी गाऱ्हाणं घातलं. ते थांबले की आम्ही व्हय म्हाराजा म्हणायचो. त्यांचा आवाज अगदी खोल गेलेला होता, पण खांदे हलायचे, श्वास घ्यायला मान वर व्हायची, त्यावरून कळायचं कधी म्हणायचं ते. मला रडू येत होतं, म्हणून मी जोरात म्हणत होते.

विसर्जन झालं आणि ऑपरेशन झालं. नंतर बाबांच्या गळ्याला भोक होतं आणि हातात पाटी. शाळेतल्या मुलांची पाटी असते ना, तीच, वहिनीने बाजारातून आणलेली. तिच्यावर ते लिहायचे, चहा, पंखा, उशी. डोळ्यांनी मात्र पहिल्यासारखेच ओरडायचे. मी एकदा पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, बाबा, आता तरी गाऱ्हाणं लिहून द्या, आता दुसरा काही मार्गच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, ‘फोनात आसा. चिकटवून घी.’ मग ओल्या फडक्याने पुसून टाकलं. त्यांनी स्वतः ते रेकॉर्डिंग कधी लावलं नाही. गेलेला आवाज कशाला ऐकायचा, असं असेल.

शिमग्याच्या आधी बाबा गेले. रोग गळ्यातून पुढे सरकलेला होता. बाराव्याला भटजी उठले, जेवणं झाली, आणि मी भरल्या घरात दादाला म्हटलं, तू बाबांना गणपतीसाठी मारलंस. वहिनीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मी चपला घातल्या आणि ठाण्याला आले. मला ते खरंच तसं वाटत होतं, आणि वाटतं ते पोटात ठेवायची मला सवय नाही.

त्यानंतर दादाशी बोलणं बंद. मला त्याच्याकडून एकच गोष्ट पाहिजे होती, ते रेकॉर्डिंग. बाबांनी ज्याच्यासाठी ऑपरेशन पुढे ढकललं ते निदान माझ्या कानात तरी असावं. मी वहिनीला फोन करायची. वहिनी म्हणायची, त्या फोनला नेट कुठलं, कसं पाठवणार? मग म्हणाली, कार्डाची खाच बिघडलीय. मग चार्जिंगची पिन ढिली आहे, वायरने घेता येत नाही. मी म्हटलं, स्पीकरवर लावा, मी इकडून रेकॉर्ड करते. तर म्हणे स्पीकरच गेलाय. रोज एक नवीन बिघाड. मी काय दूधखुळी आहे? मला कळत होतं की वहिनीच्या तोंडून दादाच बोलतोय. बाराव्याला बोलले त्याचा सूड म्हणून बापाचा आवाज दाबून ठेवलाय, दुसरं काय. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेच. भांडी घासताना मी त्याच्याशी मनात भांडायची आणि भांडी आपटायची.

पुढचा गणपती जवळ आला. वर्ष व्हायचं होतं, तरी गणपती मोडायचा नसतो. दादाने वहिनीकडून निरोप दिला की साधाच बसवतोय, ये. मी म्हटलं, येईन, पण आधी माझं मला द्या. आणि एक दिवस दुपारी न सांगता कोपरला जाऊन उभी राहिले.

दार दादाने उघडलं. वहिनी बाहेर गेलेली. तो आत गेला, कपाटातून बाबांचा फोन काढून आणला. फोन चार्ज केलेला होता. वर एक ओरखडा नाही, पिशवीत नीट गुंडाळून ठेवलेला. मी माझा ब्लूटूथ चालू केला. दादा खुर्चीत बसला, मी समोरच्या सेटीवर. त्याने बाबांच्या फोनवर बटनं दाबायला सुरुवात केली आणि प्रत्येक बटनाला टूं टूं वाजायला लागलं.

‘स्पीकर चालतोय की,’ मी म्हटलं.

दादाने वर पाहिलंच नाही. माझ्या फोनवर आकडा आला, त्याच्यावर आला, दोघांनी हो दाबलं. फाइल जायला लागली आणि लगेच तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. मी पाणी प्यायला उठलेली तेव्हा एकदा तुटली. दादा म्हणाला, इकडे येऊन बस. मग मी त्याच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले. दादाने दोन्ही फोन मांडीवर घेतले, पाठीला पाठ लावली आणि वर तळवा ठेवला.

तो तळवा बाबांचाच होता. तीच जाड बोटं, अंगठ्याचं नख तसंच वाकडं. इतकी वर्षं मी कधी पाहिलंच नव्हतं. मला दादाला काय काय विचारायचं होतं. तू का लपवलंस, तू का हो म्हणालास, तुला झोप कशी लागते. सगळं जिभेवर आलेलं. आणि मी गप्प बसले! बोललं की तुटतं ही त्या म्हाताऱ्यांची खुळी समजूत, मी स्वतः त्यावर हसलेली, आणि आता मीच ओठ मिटून बसलेली, कारण फाइल अर्ध्यावर आलेली. दादाही बोलला नाही. मुंगीच्या पावलांनी फोनवरची ती पट्टी पुढे सरकत होती आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत होतो. बाराव्यानंतर आम्ही एवढ्या जवळ बसलो ते त्या दिवशीच.

फाइल आली. मी तिथेच लावायला लागले तर दादाने माझा हात धरला. ‘इथे नको ऐकू. घरी जाऊन ऐक.’ मला वाटलं, त्याला बापाचा आवाज सोसत नसेल. जरा बरंही वाटलं, की चला, काहीतरी लागतंय ह्याला. मी पर्स उचलली आणि निघाले.

घरापर्यंत कोण थांबतंय. स्टेशनला आले आणि वरच्या फलाटावर गेले. बाबांचं बाकडं रिकामं होतं, भरदुपारी तिथे कोण येणार. मी बसले, कानात इयरफोन घातले आणि फाइल लावली.

पंख्याचा आवाज. झांजा खाली ठेवल्याचा आवाज. कुणीतरी श्‍श् केलं. मग पंखा. नुसता पंखा, बराच वेळ. आणि एकदम, कानठळ्या बसतील असं, ‘व्हय म्हाराजा!’ दादाचा आवाज सगळ्यात जवळ, मग माझा, मग वहिनीचा. पुन्हा पंखा. पुन्हा व्हय म्हाराजा. मी आवाज पूर्ण वाढवला. इयरफोन कानात दाबून धरले. पंख्याच्या मागे काहीतरी असेल, अगदी बारीक का होईना, म्हणून श्वास रोखून ऐकलं. एकदा फक्त खोकला आला. तो बाबांचा होता, तेवढा मी ओळखला. बाकी शेवटपर्यंत पंखा आणि आम्ही.

बाबा देवाकडे तोंड करून उभे होते आणि फोन आमच्यात होता, त्यांच्या पाठीमागे. त्यांचा उरलासुरला आवाज सगळा पुढे गेलेला. आम्हाला तरी तेव्हा कुठे ऐकू येत होतं? खांदे हलले की आम्ही म्हणत होतो. मी तिथेच मोठ्याने रडले. वरच्या फलाटाचं एक बरं आहे, माणूस रडला तरी कुणाला त्रास होत नाही. ह्याच्यासाठी थांबलेले बाबा. ह्या पंख्यासाठी. माझं डोकं एवढं सटकलं की फोन रुळांवर फेकून द्यावासा वाटला.

फेकला नाही, दादाला लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. ऐकलं, मी म्हटलं. तो हं म्हणाला. मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे.

‘त्यांना ऑपरेशनला आत नेलं ना, तेव्हा बाहेर बसून ऐकलं,’ तो म्हणाला. ‘नंतर ते पाटीवर लिहायचे, फोनात आसा. त्यांना कसं सांगू? आणि मग तुला कसं सांगू? म्हटलं, तुला निदान वाटू दे की आहे.’

म्हणजे एवढे महिने तो माझ्या शिव्या खात बसला होता. मला हावरट म्हण, सूड उगवणारा म्हण, पण आवाज आहे असं समज, हे त्याचं. मी फोन ठेवला. नंतर वाटलं, काहीतरी बोलायला हवं होतं, पण वेळ गेली की माझं तोंडही शिवलं जातं.

गणपतीला आम्ही गेलो. साधाच बसवलेला होता, मखर नाही, माळा नाहीत. मी कुणाला न सांगता एक गोष्ट केली. आरतीच्या आधी माझा फोन रेकॉर्डिंगला लावला आणि चौरंगावर, दूर्वांच्या ताटामागे, गणपतीच्या पायाशी उभा ठेवला, पडद्याचं तोंड आमच्याकडे करून. मेमरी आधीच रिकामी करून ठेवलेली. एकदा चुकलं ते चुकलं, आता ह्या घरातलं गाऱ्हाणं समोरून घ्यायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दादाला येत नाही हे मला माहीत होतं. जे येईल ते.

आरती संपली. दादा पुढे गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. बराच वेळ उभाच. मला वाटलं, आता हा वळणार आणि म्हणणार की मला जमत नाही. मग त्याचे खांदे हलले. काहीतरी बोलत होता, पण एवढ्या हळू की आम्हाला एक अक्षर कळेना. तो थांबला, मान वर झाली. वहिनीने पदर तोंडाला लावलेला, तिच्याच्याने म्हणवेना. बाकीचे चाचरत होते. दादा तिथे एकटा पडला असं मला वाटलं. बाराव्याला मी त्याला एवढ्या लोकांत एकटं पाडलं होतं, आज तरी मागे कुणी असू दे. म्हणून मी मोठ्यांदा म्हटलं, ‘व्हय म्हाराजा.’ मग सगळे म्हणाले. तो पुन्हा बोलला, पुन्हा थांबला, मी पुन्हा म्हटलं, आणखी मोठ्यांदा. शेवटी तो वाकला आणि नमस्कार करून बाजूला झाला. मी ताटामागून फोन काढून घेतला. जेवताना मी दादाला आणखी एक मोदक वाढला, त्यावर तूप घातलं. त्याने खाल्ला. आमच्यात जरा बरं झालं असं वाटून मी ठाण्याला आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात, कुकर लावून, मी रेकॉर्डिंग लावलं. फोन दादाच्या अगदी पुढ्यात होता, त्यामुळे त्याचा श्वाससुद्धा आलाय. आधी नुसता श्वासच आहे. मग तो बोलतो, मालवणी नाही, आपल्या साध्या डोंबिवलीच्या मराठीत.

‘बा देवा म्हाराजा. बाबा तुला काय सांगायचे ते मला येत नाही. आम्ही मागे होतो, तू समोर होतास. तूच ऐकलंयस. तेच सगळं परत धरून चाल.’

मागून आमचं व्हय म्हाराजा येतं, बारीक, लांबून. त्यात माझा आवाज ओळखू येतो. मग दादा थांबतो. नाक ओढतो. कुकरची शिट्टी झाली म्हणून मी गॅस बंद केला आणि पुढचं नीट ऐकलं.

‘त्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं ते मी. नाही म्हणायला पाहिजे होतं, मी म्हटलं नाही. माझी बहीण म्हणते मी त्यांना मारलं. तसं असेल तर ते माझ्या एकट्याच्या पदरात घाल, म्हाराजा.’

तो थांबतो. आणि मागून सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या वर, माझा आवाज येतो.

‘व्हय म्हाराजा.’